तेहेतीसशे रुपयांत व्हिडिओ पॉडकास्ट : सांगलीतून आठ महिन्यांचा अनुभव

घरात दोन फोन होते, एक माझा, एक बायकोचा. तेवढ्या जोरावर मिरजेच्या वाद्य-कारागिरांच्या मुलाखती सुरू केल्या. आठ महिन्यांत अकरा भाग झाले. सुरुवातीचा खर्च असा: बोया कंपनीचे वायरवाले कॉलर माइक दोन, 1,600 रुपये. फोनचे स्टँड दोन, 1,100. एलईडी बल्ब आणि होल्डर 350. बायकोच्या फोनला गोल जॅक नाही म्हणून टाइप-सी कनेक्टर 250.

हे वायरवाले माइक मला आवडले. सहा मीटर वायर पायात येते, पण आवाज स्वच्छ. कॉलरवर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा. त्यावर फोन आणि कॅमेरा असं बटण आहे. फोनला लावताना ते फोनकडेच हवं. दुसऱ्या भागात मी ते बघितलं नाही आणि चाळीस मिनिटं पाण्यात गेली. चूक माझीच.

चौथ्या महिन्यात वायरचा कंटाळा आला आणि स्वस्तातला वायरलेस संच घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. त्यावर गोंगाट कमी करायचं बटण होतं. सतारमेकर गल्लीत रिक्षांची वर्दळ, म्हणून ते चालू ठेवलं. कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तंबोऱ्याचा घुमारा जुळवत होते. तार छेडायचे, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून हळूच कानस फिरवायचे, पुन्हा छेडायचे. घरी येऊन ऐकतो तर बोलणं खणखणीत आणि तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, गायब! टणत्कार झाला की पुढे शांतता. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच त्या यंत्राला कळतं. पंखा काय, तंबोरा काय, त्याला सारखेच. कारागिरांना ऐकवलं तर म्हणाले, "अहो, माझा तंबोरा मुका केलात की!" 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मी त्याच तंबोऱ्याचा गळा दाबून आलो. वायरवाला माइक घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी चहा पाजला, पण जवारी पुन्हा लावून दाखवताना एकदा माइककडे बघितलंच.

घरच्या भागांना वेगळाच त्रास. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा. दोरीवर आजीच्या दोन गोधड्या टाकल्या आणि घुमणं बरंच गेलं. पंखा मात्र बंदच ठेवावा लागतो. एप्रिलात सांगलीत ते कसं वाटतं, सांगायला नको.

चित्राचं थोडक्यात. दिवे लुकलुकत असतील तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्‌झची आहे. दोन्ही फोन सुरू करून एक टाळी वाजवायची, म्हणजे संकलनात जुळवता येतं. तरीही तासाभराच्या गप्पांत ओठ आणि आवाज हळूहळू सरकतात, कारण फोन फ्रेमचा वेग कायम ठेवत नाहीत. म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजवतो. पाहुणे दचकतात. संकलन दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर करतो. माझा 8 जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो, पण प्रॉक्सी फाइल, म्हणजे व्हिडिओच्या हलक्या प्रती, केल्या की चालतं.

कमाई शून्य. फोन विमान मोडवर टाकायला विसरू नका; नवव्या भागात मेहुण्याचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं. तेव्हापासून बायको स्वतःचा फोन देताना आधी किती वेळ लागणार ते विचारते. मी अर्धा तास सांगतो.