हिमगौरीच्या चित्रपटातील सेल आणि कूर्वाझिए सेट-अप: एक परीक्षण

डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ या चित्रपटाची, म्हणजेच आपल्या ओळखीच्या हिमगौरी आणि सात बुटक्यांची, प्रत्यक्ष चित्रीकरणात वापरलेली सेल (आकृती रंगवलेला पारदर्शक ताव) विकत घ्यायची ठरवली, की बाजारात बहुतेक वेळा समोर येतो तो कूर्वाझिए सेट-अप. सॅन फ्रान्सिस्कोचे कलाविक्रेते गथ्री कूर्वाझिए यांनी १९३८ मध्ये डिस्नेशी करार केला आणि चित्रपटाचे काम संपल्यावर उरलेल्या सेलांपैकी निवडक सेल पार्श्वभूमीवर बसवून कलादालनांमधून विकायला सुरुवात केली. त्यांपैकी डोपी या बुटक्याचा एक सेट-अप मी अलीकडे घेतला. विक्रेते या वस्तूविषयी इतके मोघम लिहितात, की आपण नेमके कशाचे पैसे मोजत आहोत हे नव्या संग्राहकाला कळतच नाही.

सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट अशी, की सेट-अपमधील आकृती चित्रपटातील असते, पण तिच्यामागची पार्श्वभूमी सहसा चित्रपटातील नसते. ती विक्रीसाठी स्वतंत्रपणे तयार केलेली असते: कधी लाकडाचा पातळ पापुद्रा, कधी नक्षीचा कागद, तर कधी फवाऱ्याने रंगवलेली साधी छटा. माझ्या डोपीमागे लाकूड आहे, आणि त्याचे उभे तपकिरी रेषांचे पोत बुटक्यांच्या झोपडीशी इतके जुळते, की ते पडद्यावरचेच वाटावे. ज्यांच्याकडून मी हा सेट-अप घेतला, त्यांनी जाहिरातीत ‘मूळ पार्श्वभूमीसह’ असे लिहिले होते. तो १९३८ च्या सुमाराचा आहे एवढ्यापुरते ते खरे होते, परंतु चित्रपटाची पार्श्वभूमी आणि सेट-अपची पार्श्वभूमी यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. हा फरक विचारल्याशिवाय सांगितला जाऊ नये, हे मला मुळीच पटले नाही.

असे असूनही ही वस्तू घ्यावी असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण शाईची रेषा. भिंगाखाली डोपीच्या अंगरख्याची कड पाहिली, तर ती काळी नसून अंगरख्याच्याच रंगाची, थोडी गडद अशी दिसते. कोपरापाशी ती जाड होते आणि बाहीच्या टोकाकडे केसासारखी बारीक होत संपते. स्टुडिओच्या शाई आणि रंग विभागात ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत असत. चित्रकाराच्या पेन्सिल-रेखाटनावर पारदर्शक सेल ठेवून पुढच्या बाजूने टाकाने शाईची रेषा ओढायची, आणि ती वाळल्यावर सेल उलटी करून मागून रंग भरायचा, अशी ही पद्धत होती. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून रेषा यंत्राने सेलवर उतरवल्या जाऊ लागल्या आणि हाताची ही किमया डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांतून जवळजवळ संपली. पडद्यावर क्षणार्धात निघून जाणाऱ्या चित्रासाठी कोणी इतकी निगुतीने रेषा ओढली, हे डोळ्यांनी पाहायला मिळणे हेच या खरेदीचे खरे मोल आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. सेट-अप करताना अनेक सेल आकृतीच्या कडेने कापून पार्श्वभूमीवर चिकटवल्या गेल्या, त्यामुळे सेल जागेवर बसवण्यासाठी असलेल्या खुंट्यांची भोके आणि कडेचे क्रमांक नाहीसे झाले. आपली सेल नेमकी कोणत्या प्रसंगातील आहे हे ठरवायचे, तर चित्रपट चौकटीगणिक थांबवून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मागे चिकटवलेली छापील चिठ्ठी शाबूत असेल तर ती मोठाच आधार ठरते. फ्रेम बदलून घेताना ती काढली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

या उपक्रमाचा कलाजगतावर झालेला परिणामही लक्षात घेण्यासारखा आहे. १९३८ मध्येच न्यूयॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीत या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या चित्रपटातील गिधाडांचे एक चित्र स्वीकारले. ज्या काळी वापरलेल्या सेल धुऊन पुन्हा कामाला घेतल्या जात किंवा फेकून दिल्या जात, त्या काळी ही दृष्टी दाखवल्याबद्दल कूर्वाझिए यांचे ऋण मान्य करायलाच हवे.

टिकाऊपणाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. त्या काळच्या सेल प्रामुख्याने सेल्युलोज नायट्रेटच्या आहेत. हा पदार्थ ज्वालाग्राही असून काळाबरोबर पिवळा पडतो, आक्रसतो आणि त्यातून आम्लयुक्त वायू बाहेर पडतात. सेट-अप घट्ट बंद असेल, तर ते आतच कोंडतात. रंग कोरडे होऊन सुटू लागतात. जुन्या कलावस्तूंच्या जतनावर काम करणाऱ्या गेटी संवर्धन संस्थेने डिस्नेच्या ॲनिमेशन रिसर्च लायब्ररीबरोबर केलेल्या संशोधनात नियंत्रित आर्द्रतेमुळे सुटलेला रंग पुन्हा चिकटू शकतो असे दिसले आहे, परंतु हा घरगुती प्रयोग नव्हे. मुंबई, कोकण किंवा गोव्यातील घरी अशी वस्तू नेणार असाल, तर पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हाळ्यातील उष्मा यांच्यापासून ती कशी जपणार हे खरेदीपूर्वीच ठरवावे, आणि नायट्रेटचे पार्सल नेता येईल का हे वाहतूक कंपनीला आधी विचारावे.

पहिलीच खरेदी असेल, तर १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’च्या सेलकडे वळणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यातही हाताने ओढलेली शाई आहे, आणि डिस्नेलँडच्या आर्ट कॉर्नर दुकानातून त्या काळी स्वस्तात विकल्या गेलेल्या अशा सेल सोनेरी चिठ्ठीवरून ओळखता येतात. सेरिसेल नावाने मिळणारी छापील चित्रे मात्र चित्रीकरणात कधीच वापरलेली नसतात. कूर्वाझिए सेट-अपच घ्यायचा असेल, तर विक्रेत्याकडे मागच्या चिठ्ठीचे आणि तिरक्या उजेडात काढलेले सेलच्या पृष्ठभागाचे अशी दोन छायाचित्रे आवर्जून मागावीत. लहरी आलेली सेल आणि सुटलेला रंग समोरून काढलेल्या छायाचित्रात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात लगेच दिसतात.