नळयोजनेची देखभाल: ठोक ठेका, दर करार की गावचाच माणूस?

जलजीवनची योजना पूर्ण झाली, टाकी भरली, फोटोही निघाले. आता ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे खरा विषय येतो: ती रोज चालवायची कुणी आणि बिघडली तर दुरुस्त कुणी करायची? वाटा तीन आहेत. वर्षाची ठोक रक्कम ठरवून सगळं एका एजन्सीच्या गळ्यात घालायचं. मोटर काढणं-बसवणं, रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळणं), पाइपजोड अशा बाबींचे दर वर्षासाठी ठरवून लागेल तसं काम घ्यायचं. नाहीतर मानधनावर गावचा माणूस ठेवून बिघाड झाला की मिस्त्री बोलवायचा. त्याआधी मूळ निविदा काढून दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपलाय का ते बघा. तो चालू असेल तर गळका जोड जुन्याच ठेकेदाराने दुरुस्त करायचा आहे.

ठोक ठेका बॉडीला आवडतो. एकच बिल, एकच फोन. शिवाय निधीची सोय. 2021-26 च्या पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखीव, होता, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. म्हणजे माणूस ठेवला तर मानधन पाणीपट्टीतून काढा, ठेका दिला तर बिल बंधितमधून टाका. वसुली निम्म्यावर अडकलेल्या गावाला दुसरा पर्याय सोपा वाटणारच. पण ही सोय कॅशबुकाची झाली, नळाला येणाऱ्या पाण्याची नव्हे.

ठोक रकमेतली मेख अशी की एजन्सी जितकं कमी करेल तितकं तिचं सुटतं. टीसीएलचंच, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचंच बघा. 2,000 लोकसंख्या, माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 1,10,000 लिटर पाणी. हजार लिटरला 5 ग्रॅम धरली तर रोज 550 ग्रॅम पावडर, वर्षाला साधारण 200 किलो. एजन्सीच्या खरेदी पावत्या मागा. 60-70 किलोच्याच निघाल्या तर उरलेले दिवस गावाने काय प्यायलं ते उघड आहे. पावत्या जुळल्या तरी टोकाच्या घरातल्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात किती क्लोरिन उरलंय ते दाखवणारी चाचणी) घ्याच, तिथे 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं. पावसाळ्यात उघड्या पोत्यातली पावडर दमट होऊन मरते, ते पावतीवर दिसत नाही.

दर करारात जेवढं काम तेवढेच पैसे, म्हणून तो हिशेबाला स्वच्छ. पण इथे खोड उलटी: मोटर जितक्यांदा जळेल तितकं बिल. मोटर जळते बहुतेकदा एक फेज गेल्याने, कमी दाबाने, नाहीतर विहीर आटल्यावर कोरडी चालल्याने. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) बसवलाय का आणि बसवलेला कुणी बायपास करून ठेवलाय का, हे बघण्यात दर करारवाल्याचा काहीच फायदा नाही. म्हणून अट घाला: रिवाइंडिंग केलेली मोटर सहा महिन्यांत पुन्हा जळाली तर दुरुस्ती फुकट. दर एचपीनुसार घ्या, आणि जुनी तांब्याची तार ग्रामपंचायतीत जमा व्हायला हवी, हे लेखी लिहा. या तारेवरून होणारी कुजबुज कोणत्याही सरपंचाला माहीत असते.

जीएसटीचाही फरक पडतो. पाणीपुरवठ्यासारख्या कामासाठी ग्रामपंचायतीला दिलेली निव्वळ सेवा करमुक्त आहे. साहित्याचा वाटा एकूण किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत असला तरी सूट टिकते. पंप, पाइप सगळं ठोक ठेक्यात कोंबलं की ती हातची जाते. साहित्य वेगळं खरेदी करून मजुरीचाच ठेका दिलेला परवडतो.

आता गावचा माणूस. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढतं, हे त्यालाच ठाऊक. थ्री फेज रात्री दोनला येणार असेल तर मोटर चालू करायला तोच जातो. तालुक्याच्या गावी बसलेली एजन्सी नाही. त्याचं दुखणं वेगळं: मानधन महिनोन्महिने थकतं, आणि पॅनल बदललं की माणूसही बदलतो. आकृतिबंधात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मंजूर पदांत बसवता आला तर बसवा, म्हणजे किमान वेतनातला काही वाटा शासनाकडून येतो.

एक गाव, एक विहीर, एक टाकी असेल तर माझं मत सरळ आहे: चालवायला गावचा माणूस, दुरुस्तीला दर करार. त्याचं मानधन भागेल इतकी पाणीपट्टी वसूल होत नसेल, तर ठोक ठेकाही दुसऱ्या वर्षी अडकतो. निधीचा हप्ता लांबला की एजन्सी फोन उचलत नाही.

प्रादेशिक योजनेचं गणित निराळं. दहा-बारा गावं, जलशुद्धीकरण केंद्र, दोन ठिकाणी पंपिंग; तिथे प्रशिक्षित ऑपरेटर आणि राखीव पंप लागतो, म्हणून ठोक ठेकाच योग्य. मात्र दंड 'कामात दिरंगाई' अशा मोघम शब्दांवर ठेवू नका. पाणी बंद राहिलेल्या दर दिवसामागे ठरावीक कपात लिहा आणि दिवस मोजायचे ते पंपघरातल्या लॉगबुकवरून. महावितरणचं बिलही ठेक्यात घालू नका. घातलंत तर एजन्सी पंपिंगचे तास कापते, आणि शेवटच्या गावाची टाकी अर्धीच भरते.