आठ तुकड्यांचं लिव्हर: सात महिने वापरल्यानंतर

मी सरकारी कॉलेजात जनरल सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात स्टायपेंड जमा झाला त्याच संध्याकाळी हे मॉडेल मागवलं. किंमत ६,४०० रुपये, कुरिअरचे वेगळे. रेझिनचं लिव्हर, आठ सेगमेंट म्हणजे भाग सुटे होतात, आतल्या नळ्या रंगवलेल्या, तुकडे लोहचुंबकाने एकमेकांना धरतात. खरं लिव्हर सव्वा ते दीड किलोचं असतं, हे जेमतेम अर्ध्या किलोचं. टेबलावर ठेवायचा स्टँड सोबत येतो.

घ्यायचं कारण साधं होतं. सीटीच्या रिपोर्टमध्ये 'सेगमेंट ७' असं वाचून मी ते केसपेपरवर उतरवत होते, पण ती जागा पोटात कुठे, हे डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं. बाहेरून बघितलं तर लिव्हर आपली फसवणूक करतं. वरून फाल्सिफॉर्म लिगामेंटची (लिव्हरला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याची) ठसठशीत रेघ दिसते आणि वाटतं, हाच उजव्या-डाव्याचा बांध. तो नाही. खरी रेघ पित्ताशयाच्या खळग्यापासून मागे आयव्हीसीपर्यंत (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत) जाते आणि पृष्ठभागावर ती दिसतच नाही. सर्जन जेम्स कँटली यांनी ती १८९७ मध्ये दाखवली, म्हणून तिला कँटलीची रेघ म्हणतात. पुढे १९५७ मध्ये फ्रेंच सर्जन क्लोद क्विनो यांनी रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून आठ सेगमेंट मांडले. मॉडेलवर मी पित्ताशयाच्या खळग्यातून आयव्हीसीपर्यंत काळा सिल्कचा धागा ताणून चिकटवला. सेगमेंट ४ हा फाल्सिफॉर्मच्या उजवीकडे असूनही डाव्या लिव्हरचा आहे, हे त्या धाग्याने एका मिनिटात पटलं. समोरून पाहताना २ पासून ८ पर्यंतचे आकडे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात आणि १ मागे आयव्हीसीला टेकून बसतो, हेही तुकडे हातांनी लावताना पक्कं झालं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. कारखान्यातून येताना पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरमध्ये रक्त आणणारी शीर) आणि हेपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) दोन्ही एकाच निळ्या रंगात आल्या. लिव्हरच्या बाबतीत याहून वाईट चूक होऊ शकत नाही, कारण सगळी सेगमेंटची रचना या दोघींच्या फरकावर उभी आहे. आमच्या शेतात पाटाचं पाणी दारं धरून एकेका वाफ्यात सोडतात आणि जास्तीचं पाणी बांधाच्या कडेच्या चरातून निघून जातं. पोर्टल म्हणजे पाट: ती प्रत्येक सेगमेंटच्या पोटात शिरते, हेपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी) आणि पित्तनलिका तिच्याच सोबतीने. हेपॅटिक व्हेन म्हणजे चर: ती दोन सेगमेंटच्या मधून वाहते आणि आयव्हीसीला मिळते. उजवी हेपॅटिक व्हेन ५-८ आणि ६-७ यांच्या मध्ये, मधली कँटलीच्या रेषेवर. पाट आणि चर एकाच रंगात रंगवले तर शिकणाऱ्याने वाफे ओळखायचे कसे?

विक्रेत्याला फोटो पाठवले. आठवड्याने उत्तर आलं की डिझाइन असंच आहे. मग स्टेशनरीच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिक रंग आणले आणि पोर्टलच्या सगळ्या फांद्या जांभळ्या केल्या. शून्य नंबरचा ब्रश आणि दोन रविवार लागले. ते करतानाच सर्वांत जास्त शिकले, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत पोर्टलच्या भिंती पांढऱ्या चकचकीत आणि हेपॅटिक व्हेन बिनभिंतीच्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसल्या, तेव्हा पहिल्यांदा कोणाला न विचारता सांगता आलं की गाठ कुठल्या वाफ्यात आहे.

मॉडेल वॉर्डात खरोखर कामाला आलं ते एका ऊसतोड कामगाराच्या वेळी. ताप, उजव्या बरगडीखाली बोट लावू देत नव्हते, खोकला आला की चेहरा पिळवटायचा. सोनोग्राफीत सेगमेंट ७ मध्ये मोठा गळू, अमिबाचा. हे गळू बहुतेक वेळा उजव्या बाजूलाच का होतं, ते मॉडेल हातात घेऊन ज्युनियरला दाखवलं: मोठ्या आतड्यातून अमिबा पोर्टलमधून वर येतो आणि पोर्टलची उजवी फांदी जाड आणि जवळजवळ सरळ आहे, बहुतेक रक्त तिकडेच जातं. अमिबावरचं औषध मेट्रोनिडॅझोल सुरू होतंच, तरी गळू फुटायच्या बेताला आलं होतं, म्हणून पिगटेल, म्हणजे पू काढायची बारीक नळी, घालायचं ठरलं. सेगमेंट ७ वरच्या बाजूला, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, पाठीकडे. सुई वरून घातली तर प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) भोसकला जाण्याची भीती, म्हणून खालच्या बरगड्यांमधून, आणि गळूच्या आधी थोडं चांगलं लिव्हर मध्ये येईल अशी वाट निवडायची. ती वाट आम्ही आधी मॉडेलवर पेनने आखली. पू आला तो काकवीच्या रंगाचा, वास नाही. काका दुसऱ्या दिवशी कुशीवर वळून झोपले होते. आठवड्याने चालत घरी गेले.

ऑपरेशनचा हिशोब समजायला मात्र हे मॉडेल फार चांगलं आहे. ५, ६, ७, ८ काढून ठेवा. हातात उरतं ते साधारण एक तृतीयांश. ४ सुद्धा काढा, मग १, २ आणि ३ उरतात, जेमतेम पंचमांश. निरोगी लिव्हरचा किमान २० टक्के भाग मागे राहिला पाहिजे, बरीच केमोथेरपी झाली असेल तर ३० टक्के, सिरॉसिस असेल तर ४० टक्के, हे वहीत लिहिलं होतं. पण तो उरलेला तुकडा तळहातावर ठेवल्यावर कळलं की याच तुकड्याने आता अल्ब्युमिन हे प्रथिन बनवायचं, रक्त गोठण्याचे घटक बनवायचे, अमोनिया निस्तरायचा, पित्त वाहतं ठेवायचं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) कुठे आहेत हे सगळे का विचारतात, तेही तिथेच उमगलं.

जिथे हे मॉडेल अपुरं पडतं ते ठिकाण म्हणजे खालची बाजू. पोर्टल, आर्टरी आणि पित्तनलिका लिव्हरच्या दारापाशी कापून टाकल्या आहेत. या तिन्ही नळ्या ज्यातून लिव्हरकडे येतात ते हेपॅटोड्युओडेनल लिगामेंट नाही, त्यामागचं विन्स्लोचं भोक, म्हणजे बोट शिरेल अशी फट, तीही नाही. सर्जनला सर्वांत आधी लागणारी जागा हीच. मोटारसायकलच्या अपघातातला एक मुलगा रात्री दोन वाजता आला, पोट उघडलं तर रक्त ओसंडत होतं. सरांनी माझा डावा हात धरून आत नेला: तर्जनी मागच्या भोकात, अंगठा पुढे, चिमूट. लिव्हरकडे येणारं रक्त थांबवणारी, सर्जन जे. होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलेली ही चिमूट. बोटांमधली धडधड थांबली आणि लिव्हरच्या फाटलेल्या कडेवर पाणी ओतल्यावर जखम दिसायला लागली. "चिमूट लावूनही रक्त येत राहिलं असतं तर?" सरांनी टाके घेता घेता विचारलं. मागची हेपॅटिक व्हेन किंवा आयव्हीसी, मी म्हणाले. जांभळ्या आणि निळ्या फांद्या डोळ्यांसमोर होत्या म्हणून उत्तर आलं. पण चिमूट कुठे लावायची ते या मॉडेलवर शिकता येत नाही. मी फोम आणि आयव्ही सेटच्या नळ्यांनी लिगामेंट जोडून घेतलं: पित्तनलिका उजवीकडे, आर्टरी डावीकडे, पोर्टल मागे.

आणखी एक उणीव: आर्टरीची एकच ठरीव मांडणी दाखवली आहे. प्रत्यक्षात उजवी आर्टरी एसएमएमधून (आतड्यांच्या मोठ्या धमनीतून) निघून पोर्टलच्या मागून वर येऊ शकते, डावी लेफ्ट गॅस्ट्रिकमधून (जठराच्या धमनीतून) येऊ शकते. बदलता येणारा एखादा जास्तीचा तुकडा दिला असता तर दोनशे-तीनशे रुपये आनंदाने दिले असते. सिरॉसिसचं (आक्रसून कडक झालेल्या लिव्हरचं), हायडॅटिड सिस्टचं (फीतकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीचं) काहीच नाही. आमच्याकडे माण-खटावातून येणाऱ्या मेंढपाळांमध्ये हायडॅटिड बघायला मिळतं, त्यामुळे मला ते फार खटकलं. सेगमेंट १ चं लोहचुंबक तिसऱ्या महिन्यात निघालं, ते एपॉक्सीने परत बसवलं. बाकी तुकडे घट्ट आहेत. आमच्या ड्यूटी रूममध्ये रोज कोणीतरी ते उघडतं, तरी रेझिनला चीर गेलेली नाही.

ज्यांचं पहिलं वर्ष चालू आहे आणि युनिटमध्ये लिव्हरच्या केसेस येतात, त्यांनी दोघा-तिघांत मिळून घ्यावं. परीक्षेला महिना राहिला असेल तर घेऊ नका. त्या वेळात सोनोग्राफीच्या खोलीत उभं राहणं जास्त उपयोगाचं. मागवण्याआधी विक्रेत्याकडून आतल्या नळ्यांचा, तुकडे सुटे करून काढलेला फोटो मागवा आणि पोर्टल व हेपॅटिक व्हेन वेगळ्या रंगांत आहेत का ते बघा. नसतील तर जांभळा रंग आणि बारीक ब्रश सोबतच आणा.