घरी येऊन कुत्र्याला शिकवणारे ट्रेनर (दांडिया बाजार, वडोदरा)

आमचा मोती गावठी, अंगात नुसती मस्ती, पाहुणा आला की थेट अंगावर उडी. या ट्रेनरनी आल्या आल्या गळ्यातली काटेरी चेन काढायला लावली, तिथेच मला माणूस आवडला! मारणं नाही, ओरडणं नाही. ज्यातून फायदा होतो तेच कुत्रा पुन्हा पुन्हा करतो, आणि आपण "नको रे, नको रे" करत त्याला हाताने ढकलतो ना, त्याला तेही लाडच वाटतात. म्हणून उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी क्लिकर (दाबला की टक् असा आवाज करणारी छोटी डबी) वाजवायचा आणि लगेच पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं हे त्याला कळतच नाही. आवाज म्हणजे खाऊ, ही जोडणी पावलोव या रशियन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी कुत्र्यांवरच दाखवली होती. उत्तरायणच्या (इथल्या संक्रांतीच्या) फटाक्यांसाठी सुद्धा हेच, मोबाईलवर अगदी बारीक आवाजात फटाके लावायचे, सोबत खाऊ, तो निवांत असेल तरच आवाज थोडा वाढवायचा, घाई अजिबात नाही. सासूबाईंनाही शिकवलं त्यांनी, आता मोती त्यांच्यासमोर शहाण्यासारखा बसतो. फी जरा जास्त आहे आणि रविवारी येत नाहीत, पण चेन ओढून शिकवणाऱ्यांकडे कुत्रा देऊ नका, यांनाच बोलवा.