बिल न घेता आणलेली बाटली

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. आमची पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाती-फुलांवर होती. पानांच्या कडा लालसर होऊन मुरडत होत्या, पान उलटलं की तुडतुडे तिरपे पळायचे. त्यातच पाकळ्या न उमलता मुरडून राहिलेली फुलं, डोमकळ्या, दिसल्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीही आलेली. जीव खालीवर झाला.

कृषी केंद्रवाल्यानं काउंटरखालून बाटली काढली. "भाऊ, नवीन औषध आहे. तुडतुडे, फुलकिडे, अळी, सगळं एकाच फवारणीत जाते. बिल पाहिजे असंल तर भाव वेगळा." पाच एकराचे पैसे मोजले, बिल घेतलं नाही.

दोन फवारण्या झाल्या. तुडतुडे होते तसेच राहिले. पुढं बोंडं फोडून पाहिली तर आत अळी, आणि वेचणीला आला तो डागाळलेला, नीट न फुटलेला कवडी कापूस.

कृषी सहायकांना बाटली दाखवली. वर बोंडाचं झकास चित्र, पण आत कोणता घटक किती टक्के ते नाही, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नाही, विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोणही नाही. ते म्हणाले, बरीच नवीन औषधं तर नेमक्या किडीवरच चालतात. फ्लोनिकामिड तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी, त्यानं अळी मरत नाही. क्लोरँट्रानिलीप्रोल अळीसाठी, त्यानं तुडतुडे जात नाहीत. शिवाय गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

तक्रार द्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "ही बाटली माझ्याकडची कशावरून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नमुना घ्यायला दुकानात त्या मालाची एक बाटलीही उरली नव्हती.

पैसा गेला तो गेला. पण फवारणी माझा धाकटा भाऊ करत होता. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आम्ही जवळून पाहिलं. भावाला काही झालं असतं तर डॉक्टरांना कोणत्या विषाचं नाव सांगितलं असतं? अजूनही हे आठवलं की झोप लागत नाही.

आता बाटली दुकानातच उलटीपालटी करून वाचतो. बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत लिहून घेतो आणि रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत बिलासोबत कुलपात ठेवतो. शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावलेत, मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग त्यात येतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तरच बोंडअळीच्या औषधासाठी दुकानाची पायरी चढतो.