अनेक जाहिरात खाती, एक जागा: मंचांची स्वतःची केंद्रे बरी की बाहेरचा डॅशबोर्ड?

ज्याला एकाच दुकानाची जाहिरात सांभाळायची असते त्याला हा प्रश्न पडत नाही. खाती पाच-सहाच्या पुढे गेली, प्रत्येक खात्याचा मालक वेगळा असला आणि जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्राम, यूट्यूब व क्वचित लिंक्डइन अशा तिन्ही ठिकाणी चालू असल्या, की सकाळी कामाला बसताना पहिला विचार हाच येतो की हे सारे एका जागेवरून पाहता आणि हलवता आले पाहिजे. माझ्याकडे सध्या अकरा क्लायंट आहेत. त्यांत देवगडचे एक आंबा बागायतदार आहेत, येवल्याचे पैठणी विक्रेते आहेत, लातूरचा एक शिकवणी वर्ग आहे, गुहागरजवळचे एक होमस्टे आहे आणि दुबईत दिवाळीचा फराळ पोचवणारे एक मराठी कुटुंबही आहे. या सर्वांसाठी मी आधी मंचांची, म्हणजे फेसबुक, गूगल व लिंक्डइनची, स्वतःची केंद्रे वापरली, मग जवळपास दीड वर्ष बाहेरच्या एका कंपनीचा डॅशबोर्ड, म्हणजे सर्व खाती एकाच पडद्यावर आणणारे साधन, वापरला आणि आता पुन्हा पहिल्या मार्गावर आलो आहे. निवड करण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला मार्ग बहुतेकांना ठाऊक आहे. फेसबुकचा बिझनेस मॅनेजर २०१४ साली आला; कागदोपत्री त्याचे नाव आता बिझनेस पोर्टफोलिओ असले तरी बोलताना आपण सगळे अजून बिझनेस मॅनेजरच म्हणतो. यूट्यूबच्या जाहिराती गूगल ॲड्समधून चालतात आणि तिथले मॅनेजर खाते आपल्या व्यवसायात एमसीसी (माय क्लायंट सेंटर) या जुन्याच नावाने ओळखले जाते. लिंक्डइनने आपला बिझनेस मॅनेजर २०२२ मध्ये आणला. तिन्हींची रचना थोड्याफार फरकाने सारखीच आहे: खाते क्लायंटच्या मालकीचे राहते, तो आपल्याला भागीदार म्हणून प्रवेश देतो, आणि आपण आपल्या माणसांपैकी कोणी फक्त आकडे पाहायचे व कोणी मोहिमा चालवायच्या हे ठरवतो. कोणाचा पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही. काम थांबले तर क्लायंट आपला प्रवेश काढून घेतो, आणि त्याच्या खात्यातला मागचा सारा इतिहास त्याच्याजवळ शाबूत राहतो.

या मार्गाची अडचणही उघड आहे. एका जागेऐवजी तीन जागा होतात. प्रत्येक जागेची मांडणी वेगळी, स्तंभांची नावे वेगळी, आणि एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जाताना आपण नेमके कोणत्या खात्यात उभे आहोत हे दर वेळी डोळ्यांनी तपासावे लागते. माझी सकाळची फेरी या पद्धतीने पाऊण तासाच्या आसपास जाते. महिनाअखेरीस अकरा अहवाल तयार करायचे म्हणजे दोन दिवस बाजूला काढावे लागतात.

बाहेरचा डॅशबोर्ड नेमका हा वेळ वाचवतो, आणि त्याबद्दल मी त्याला पूर्ण श्रेय देतो. पहिल्या महिन्यात तर मला फार मोठा दिलासा मिळाला होता. सकाळची फेरी पंधरा-वीस मिनिटांत संपू लागली. अकरा खात्यांचा कालचा खर्च, कालच्या चौकशा आणि संपत आलेली बजेटे एका पडद्यावर एकाखाली एक दिसत. अहवाल ठरल्या तारखेला क्लायंटच्या लोगोसह आपोआप निघत. शिवाय जाहिरातीचा मसुदा क्लायंटला दाखवून त्याची मंजुरी तिथेच नोंदवून ठेवण्याची सोय होती, जी मंचांच्या स्वतःच्या केंद्रांत मला तितकी सुटसुटीत वाटलेली नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मंजुरीचा अंगठा महिनाभराने शोधण्याचा त्रास ज्यांनी भोगला आहे, त्यांना या एका सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही मी परत फिरलो, आणि त्याला एकच गोष्ट कारणीभूत झाली.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. देवगडहून बागायतदारांचा फोन आला की आढीतली फळे अंदाजापेक्षा कमी निघाली आहेत, उरलेल्या पेट्या आधीच्या ऑर्डरींनाच जेमतेम पुरतील, तेव्हा नव्या ऑर्डरी ताबडतोब थांबवा. मी एसटीने कोल्हापूरहून परतत होतो. मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला, त्यांच्या तिन्ही मोहिमा बंद केल्या, तिन्हींपुढे ‘बंद’ असे दिसले आणि मी त्यांना तसे कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. रात्रभरात तेवीस नव्या ऑर्डरी आल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांनी पैसेही भरले होते. जाहिराती एक क्षणही थांबलेल्या नव्हत्या. दोन दिवसांपूर्वी मी माझ्या फेसबुक खात्याचा पासवर्ड बदलला होता, त्यामुळे डॅशबोर्डची जोडणी तुटली होती. माझा ‘बंद करा’ हा आदेश त्याने स्वतःच्या यादीत नोंदवून घेतला, पण पुढे पोचवलाच नाही. जोडणी तुटल्याची सूचना निघाली होती खरी. ती गेली आमच्याकडचे काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या ईमेलवर.

बागायतदारांनी तेवीस जणांना एकेक करून फोन केले, पैसे परत केले आणि पुढच्या मोसमात पहिली पेटी त्यांनाच पाठवण्याचा शब्द दिला. जाहिरातीचा वाया गेलेला खर्च मी माझ्या मानधनातून वळता केला. ती रक्कम मोठी नव्हती. मला लागून राहिले ते हे, की ज्या माणसाने इतक्या वर्षांच्या घरगुती ओळखीवर आपले गिऱ्हाईक जमवले त्याला माझ्या शब्दावर विसंबल्यामुळे अनोळखी लोकांची क्षमा मागावी लागली.

नंतर मी या प्रकाराच्या मुळाशी गेलो. बाहेरचा कोणताही डॅशबोर्ड मंचाशी एका टोकनच्या, म्हणजे पासवर्डऐवजी दिलेल्या डिजिटल परवान्याच्या, आधारे बोलतो. हे टोकन एखाद्या माणसाच्या लॉगिनवर काढलेले असेल तर त्याला मुदत असते. फेसबुककडे आणि लिंक्डइनकडे ती साधारण साठ दिवसांची आहे. त्या माणसाने पासवर्ड बदलला तर फेसबुकचे टोकन मुदतीआधीच निकामी होते. म्हणजे अकरा क्लायंट आणि तीन मंच धरले तर वर्षभरात या जोडण्या पुन्हा पुन्हा नव्याने कराव्या लागणार हे गृहीतच धरायला हवे. जोडणी तुटणे हा दोष मी मानत नाही. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे. तुटलेली जोडणी डॅशबोर्ड कशी दाखवतो, हा खरा प्रश्न आहे. मी वापरत होतो तो डॅशबोर्ड शेवटचा ठाऊक असलेला आकडा आणि शेवटची ठाऊक असलेली स्थिती तशीच ठेवत असे, आणि कोपऱ्यात एक लहानशी पिवळी खूण करत असे. मोबाइलवर ती खूण दिसतही नव्हती. मंचाच्या स्वतःच्या केंद्रात मोहीम बंद केली तर जिथून जाहिरात दाखवली जाते तिथेच ती बंद होते. मध्ये कोणी निरोप्या नसतो. हा फरक मला दीड वर्षाच्या सोयीपेक्षा मोठा वाटला.

सगळे डॅशबोर्ड असेच वागतात असे मी म्हणणार नाही. फेसबुककडे ‘सिस्टीम युझर’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात टोकन माणसाच्या नावावर न निघता व्यवसायाच्या नावावर निघते आणि त्याला मुदत नसलेलेही ठेवता येते. आपण पाहत असलेला डॅशबोर्ड ही पद्धत वापरतो का, आणि जोडणी तुटल्यावर आदेश स्वीकारण्याचे थांबवून स्पष्ट नकार देतो का, हे दोन प्रश्न विकत घेण्याआधी लेखी विचारावेत. समाधानकारक उत्तरे मिळाली तर माझा आक्षेप बराचसा निवतो.

दुसरी बाब बेरजेची आहे, आणि ती मला उशिरा कळली. पैठणी विक्रेत्यांच्या एका महिन्याच्या अहवालात डॅशबोर्डने फेसबुक व गूगल मिळून एकतीस विक्री दाखवल्या. दुकानाच्या वहीत मात्र ऑनलाइन विक्री बावीस होती. कोणताही मंच खोटे बोलत नव्हता. फेसबुक मुळात जाहिरातीवर क्लिक केल्यानंतरच्या सात दिवसांतली आणि नुसती पाहिल्यानंतरच्या एका दिवसातली विक्री आपल्या नावे धरते. गूगल ॲड्समध्ये ठरवून बदलले नाही तर क्लिकनंतरची मुदत तीस दिवसांची असते. ज्या बाईंनी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर क्लिक करून पैठणी पाहिली, चार दिवसांनी यूट्यूबवरच्या जाहिरातीतून दुकानाच्या संकेतस्थळावर येऊन ती घेतली, त्यांची एकच खरेदी दोन्हीकडे मोजली जाते. वेगवेगळ्या पडद्यांवर आकडे पाहताना आपण त्यांची बेरीज करायला धजत नाही. एका पडद्यावर एकाखाली एक आले की बेरीज करण्याचा मोह डॅशबोर्डलाही होतो आणि आपल्यालाही. चांगल्या साधनांत मुदती जुळवून घेण्याची सोय असते, पण ती आपण होऊन शोधावी लागते, आणि दुकानाची वही तरीही लागतेच.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. अशी साधने खात्यांच्या संख्येवर किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या टक्केवारीवर शुल्क घेतात आणि अनेकदा ते डॉलरमध्ये असते. महिन्याला आठ-दहा हजार रुपयांची जाहिरात करणाऱ्या क्लायंटमागे ते शुल्क डोळ्यांत भरते. लाखांत खर्च करणाऱ्यामागे ते जाणवतही नाही. मंचांची स्वतःची केंद्रे विनामूल्य आहेत.

चलन आणि वेळेच्या बाबतीत दोन्ही मार्गांत सावध राहावे लागते. दुबईचे खाते दिरहॅममध्ये आणि तिथल्या वेळेवर चालते, म्हणजे त्यांचा दिवस आपल्या मध्यरात्रीनंतर दीड तासाने संपतो. डॅशबोर्ड सर्व रकमा रुपयांत बदलून दाखवत असे, ते पाहायला सोयीचे होते. परंतु फराळाच्या हंगामात तिथल्या कुटुंबाने बँकेतून गेलेली रक्कम विचारली, तेव्हा मला मूळ खात्यातच जावे लागले. नवे खाते उघडून देताना चलन आणि वेळ विचारपूर्वक निवडावी, कारण फेसबुककडे नंतर ती बदलायची झाल्यास नवे जाहिरात खातेच करावे लागते.

आता मालकीविषयी, कारण केंद्र कोणतेही निवडले तरी इथे झालेली चूक निस्तरणे कठीण जाते. सोयीसाठी सगळ्या क्लायंटची खाती आपल्याच बिझनेस मॅनेजरमध्ये, आपल्या मालकीने उघडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती टाळावी असे मला मनापासून वाटते. एका व्यवसायाच्या मालकीत गेलेले खाते दुसऱ्याकडे सहजासहजी हलवता येत नाही, त्यामुळे क्लायंट आपल्याला सोडून गेला तर त्याचा सारा इतिहास मागे राहतो. खाते त्याचे स्वतःचे असेल आणि त्यात त्याचा जीएसटी क्रमांक भरलेला असेल, तर बिल थेट त्याच्या नावाने निघते आणि जाहिरातीवरच्या १८ टक्के कराची वजावट त्याला रीतसर मिळते. आपल्याला मध्ये दुसरे बिल करावे लागत नाही. पैसे भरण्याबाबतही हेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेचे आपोआप वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर कार्डावरची वसुली अडण्याचे प्रकार माझ्याकडे वाढले, आणि तेव्हापासून मी क्लायंटना यूपीआयने आगाऊ पैसे भरून ठेवायला सांगतो. शिल्लक त्यांची, खाते त्यांचे, आणि हिशेबही त्यांना त्यांच्या मोबाइलवर दिसणारा.

ज्यांच्याकडे चाळीस-पन्नास खाती आहेत, चार-पाच जणांचा चमू आहे, आणि जाहिराती सहसा महिना-महिना न बदलता चालतात, त्यांनी बाहेरचा डॅशबोर्ड अवश्य पाहावा. त्यांच्यासाठी माझा निष्कर्ष कदाचित लागूही पडणार नाही. शिकवणी वर्गासारख्या क्लायंटला, जिथे प्रवेशाचा हंगाम आधीच ठाऊक असतो, रात्रीतून काही थांबवण्याची वेळ क्वचितच येते. ज्यांचा माल नाशवंत आहे, साठा मोजका आहे किंवा खोल्या चारच आहेत, अशांची खाती सांभाळणाऱ्याने मात्र बंद करण्याचे बटण मंचाच्या स्वतःच्या केंद्रातच दाबावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

मी सध्या मधला मार्ग धरला आहे. बदल सारे बिझनेस मॅनेजर, एमसीसी आणि लिंक्डइनच्या केंद्रातूनच करतो. वाचण्यासाठी मात्र एक साधी गूगल शीट ठेवली आहे. तिच्यात दर सोमवारी तिन्ही ठिकाणचे आकडे उतरवतो, बेरजेचा स्तंभ ठेवत नाही, आणि शेजारच्या स्तंभात क्लायंटने फोनवर सांगितलेली प्रत्यक्ष विक्री लिहितो. प्रत्येक पोर्टफोलिओवर दोन ॲडमिन आहेत आणि सूचना दोघांच्याही ईमेलवर जातात. सकाळची फेरी पुन्हा पाऊण तासावर गेली आहे. गेल्या मे महिन्यात देवगडहून पुन्हा तसाच फोन आला, तेव्हा मी फेसबुकच्याच ॲड्स मॅनेजर ॲपमधून मोहिमा थांबवल्या आणि फोन न ठेवता बागायतदारांना त्यांच्याच खात्यात पाहायला सांगितले. त्यांनी तिन्ही मोहिमा बंद असल्याचे वाचून दाखवले, मगच मी फोन ठेवला.