सायक्लॅमिनियस डॅफोडिल: कंद, बी की संकर वाण?

ब्रिटनमधल्या आपल्या बागेत ‘नार्सिसस सायक्लॅमिनियस’ हा रानटी डॅफोडिल (कंदापासून येणारे पिवळे फुलझाड) फुलावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे तीन पर्याय असतात: तयार कंद विकत घेणे, बी पेरणे किंवा या जातीपासून निपजलेला संकर वाण लावणे.

वायव्य स्पेन आणि उत्तर पोर्तुगालमधील ओढ्यांच्या काठी व ओलसर कुरणांत वाढणाऱ्या या फुलाच्या पाकळ्या पूर्णपणे मागे वळलेल्या आणि मधली नळी लांब व अरुंद असते. हे रूप इतके वेगळे, की जुन्या चित्रांत ते दिसत असूनही १८३७ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी असे फूल असूच शकत नाही असा निर्वाळा दिला होता. १८८५ मध्ये निसर्ग-अभ्यासक अल्फ्रेड टेट यांना ते पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या परिसरात पुन्हा सापडले. ओल्या कुरणांतील पाण्याचा निचरा केल्याने आणि कंद उपटल्याने त्याचे अधिवास धोक्यात येतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाने (वन्य जाती व त्यांच्या अधिवासांच्या रक्षणाचा कायदा) त्याला संरक्षण दिले आहे.

कंद विकत घेण्यात वेळ वाचतो, पण हा कंद कोरडा पडणे सहन करत नाही, त्यामुळे दुकानात सुकून पडलेला कंद रुजेलच असे नाही. तो रोपवाटिकेतच वाढवलेला आहे, रानातून काढलेला नाही, याची लेखी खात्री मिळत नसेल, तर तो घेऊच नये. बियांपासून फूल येण्यास काही वर्षे जातात. तरीही बोंडे पिकताच ताजे बी आम्लधर्मी, सतत ओलसर मातीत पेरणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण रानातील एकाही कंदाला हात न लावता रोपे मिळतात आणि प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळे असते.

जमीन चुनखडीची किंवा उन्हाळ्यात कोरडी पडणारी असेल, तर मात्र ‘तेत-आ-तेत’ हा संकर वाण घ्यावा. तो कुंडीतही जोमाने वाढतो आणि कंदांनी पसरतो. जातीच्या संवर्धनाला मात्र त्याचा थेट उपयोग नाही. डॅफोडिलच्या जातींमध्ये संकर सहज होतो, म्हणून जवळच्या रानात ब्रिटनचा स्थानिक डॅफोडिल असेल, तर बी धरणारे बागेतील वाण त्याच्या शेजारी लावू नयेत.